दूध संस्थेची गाडी रॉकला जाते

लिंबागणेशच्या अलीकडं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की जे गाव लागतं, त्या गावाला सकाळी उठायला कोंबडा लागत नसे. दूध संस्थेची पिकअप वेशीपाशी आली की तिच्यातून धाडधाड, धाडधाड असा आवाज सुरू व्हायचा आणि बाया म्हणायच्या, "आला बद्री. चरव्या काढा." नव्या पाहुण्याला वाटायचं, गाडीतले कॅन सुटून एकमेकांवर आदळायलेत. गावाला मात्र ठाऊक होतं की हे विलायती गाणं आहे, ते बद्रीनाथला फार आवडतं आणि त्यातला एक शब्दही त्याला कळत नाही.

बद्रीनाथ संस्थेचा सचिव होता. सचिव म्हटल्यावर खुर्ची आणि पंखा डोळ्यापुढं आणू नका. दूध मापायचं त्यानंच, गाडी हाकायची त्यानंच आणि सभासद भांडायला आले की खाली मान घालून ऐकायचंही त्यानंच. लोक खिशाला पेन लावतात, हा दुधात पाणी आहे का बघायची काचेची नळी लावायचा. ती दुधात सोडल्यावर तो नातं बघत नसे. सख्ख्या बहिणीचं, छबुबाईचं दूध त्यानं एकदा भर रांगेतून परत पाठवलं होतं. छबुबाईनं भाऊबीजेला त्याला बोलावलं, ओवाळलं, आणि चहा दिला तो कोरा.

असल्या माणसाला रॉक संगीताचा नाद लागला तो बीडला, कय्युमच्या गॅरेजात. फार वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या प्रवाशांची जीप मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडली होती. कय्युमनं ती चालू करून दिली. ते लोक खूश होऊन एक कॅसेट ठेवून गेले. तिचं कव्हर हरवलेलं, नाव-गाव काही नाही. बद्रीनाथ त्या दिवशी संस्थेची गाडी दुरुस्तीला घेऊन आला होता. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटच्या गाण्यात गाणारा गप्प झाला, गिटारवाले गप्प झाले आणि ड्रमवाला एकटाच सुटला. बद्रीनाथ स्टुलावर बसला होता, तो उभा राहिला. देवीपुढं हलगीवाला पेटतो तसं कुणीतरी साता समुद्रापार पेटलं होतं. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. आणि नेमका रंग चढला तिथं कय्युमच्या टेपनं फीत खाल्ली.

कय्युमनं चुरगळलेला तुकडा कापला, उरलेली टोकं चिकटवली आणि कॅसेट बद्रीनाथलाच देऊन टाकली. तेव्हापासून बद्रीनाथनं ते वाजवणं हजारदा ऐकलं असेल, पण आरंभ आणि शेवट एवढंच. मधलं काय होतं, ते त्याला कधीच कळलं नाही. बरं, गाणाऱ्याबद्दल त्याचं मत काही चांगलं नव्हतं. "त्यो मदी मदी उगंच बोलतो," असं तो म्हणायचा.

पुढं कय्युमची मुलगी रुकसाना पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला गेली. सुट्टीत आली तेव्हा तिनं कॅसेट ऐकून सांगितलं की हे नाइट फर्नेस म्हणून टोळकं आहे, अजून जिवंत आहे, आणि येत्या फेब्रुवारीत पुण्याच्या स्टेडियममध्ये येतंय.

"चाचा, मोबाईलवर लावून दाखवू का ते गानं? सगळं हाय."

बद्रीनाथनं कानावर हात ठेवले. "नगं. समोर येतच हायेत तर आता उष्टं कावून खाऊ?"

"आणि तो ड्रमवाला आरंभ तोच ठेवतो, पण मधलं दर वेळी वेगळंच वाजवतो," रुकसाना म्हणाली. " जे वाजवलं ते त्या दिवसापुरतं."

हे ऐकल्यावर तर त्याला झोप लागेना. त्या एका दिवशी त्या मैदानात असलंच पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात घोळायला लागलं. रुकसानानं दोन तिकिटं काढली. किमतीचा आकडा कय्युमनं मित्राला सांगितला नाही, आणि मित्रानंही शहाणपणानं विचारला नाही.

साल मात्र वाईट होतं. पालीच्या धरणात पोरं क्रिकेट खेळत होती. निम्मी जनावरं सरकारी चारा छावणीत गेली होती. दूध आटलं होतं. संस्थेची गाडी सकाळी थोडं दूध घेऊन बीडला जायची आणि येताना त्याच कॅनमधून कय्युमच्या बोअरचं पाणी घेऊन यायची. एकदा बद्रीनाथ घाईत रिकामीच गाडी घेऊन परतला होता, तेव्हा गावातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन गाडीभोवती नुसत्या उभ्या राहिल्या. कुणी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव यांनी ठरावच करून टाकला की संस्थेची गाडी रिकामी परत येणार नाही.

तेव्हा पुण्याला गाडी मागायला तो अध्यक्षांकडं गेला, तो कारण जुळवूनच.

"पुन्याला कावून?" सुंदररावांनी विचारलं.

"पेंड आनतो अण्णा. जनावरास्नी."

"बीडात पेंड मिळंना का?"

"मिळती. पन तिकडची लई चांगली हाय."

"हं. आन् तुझी ती धाडधाड वाजवनारी मान्सं बी तिकडंच यायलीत म्हनं."

बद्रीनाथचं तोंड उतरलं. ही बातमी गावात कुणाला ठाऊक नव्हती असं त्याला आतापर्यंत वाटत होतं. सुंदरराव मिशीत हसले. "जा. इतकी वर्सं एक दिस सुट्टी घेतली न्हाईस. पन पेंड आनायची. गाडी रिकामी आली तर तुलाच गाडीला जुंपीन."

घरी केशरबाईनं दशम्या आणि ठेचा बांधून दिला. टँकरचं पाणी दुहेरी फडक्यानं गाळून एक बाटली भरून दिली. "पुरवून प्या," ती म्हणाली. "आन् ह्या वयात नाचू नका. कंबर धरली तर मला वडवणीच्या वैद्याकडं न्यावं लागंल."

"नाचत न्हाई बाई. ऐकायचंय नुसतं."

"मग घरीच ऐकता की रोज. आमी बी ऐकतो, इलाज न्हाई म्हनून."

कय्युमला घेऊन पहाटे निघाले. सवयीनं बद्रीनाथनं सगळे रिकामे कॅनही गाडीत चढवले. पुण्याला कॅनचं काय काम, असं कय्युमनं विचारलं, तेव्हा कॅनशिवाय गाडी हलकी लागते, असं त्यानं उत्तर दिलं. दुपारी पुण्याच्या बाजारात पेंडीच्या दुकानापुढं दोघं उभे राहिले. शटर बंद. त्या ओळीतली सगळीच शटरं बंद.

"आज वार कोनता बे?" कय्युमनं विचारलं.

दोघांनाही सांगता येईना. कार्यक्रमाची तारीख बद्रीनाथला पाठ होती, पण त्या तारखेला रविवार पडतो हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हशीला रविवार नसतो. संस्थेलाही नसतो. उभ्या आयुष्यात त्यानं कुठलंच काम वार बघून केलं नव्हतं.

"आता?"

"आता काय, आदी ऐकू. पेंडीचं मग बगू," बद्रीनाथ म्हणाला.

स्टेडियमला गाड्यांची ही रांग. पण पिकअपवर ठळक अक्षरांत 'दूध उत्पादक सहकारी संस्था' असं रंगवलेलं, मागं कॅन. शिट्टीवाल्या माणसाला वाटलं, आतल्या चहाच्या टपऱ्यांचं दूध आलं. त्यानं मोटारी बाजूला सारून गाडी थेट फाटकापर्यंत पाठवली. कय्युमनं खिडकीतून त्याला सलाम ठोकला.

उतरून बघतात तर जिकडं तिकडं काळे सदरे. सदऱ्यांवर कवट्या, साखळ्या, जळत्या भट्ट्या. त्यात बद्रीनाथ पांढरा पायजमा, पांढरा नेहरू शर्ट आणि पांढऱ्या टोपीत. पोरंपोरी वळून वळून बघायला लागली. एकानं तर "काका, लूक भारी!" म्हणून त्याच्याबरोबर फोटो काढला. मग तिकिटं बघून कुणीतरी दोघांच्या मनगटाला कागदी पट्टी चिकटवली. बद्रीनाथनं ती उलटसुलट बघितली. छावणीत जनावराच्या कानाला बिल्ला मारतात तसंच हे, फक्त दुखत नाही.

फाटकावरच्या रखवालदारानं त्याच्या खिशातली काचेची नळी उपसली.

"हे काय आहे?"

"दुदात पानी बगायची नळी."

"इथं कशाला?"

ती नळी बद्रीनाथच्या खिशाला लग्नातसुद्धा होती. रखवालदार म्हणाला, "गाडीत ठेवून या. आणि पाण्याची बाटली आत चालत नाही. पिऊन टाका नाही तर इथं टाका."

टाका? केशरबाईनं गाळून दिलेलं पाणी? दोघांनी तिथंच उभं राहून बाटली संपवली. शेवटचा थेंब जिभेवर घेऊन बद्रीनाथ नळी ठेवायला मागं वळला, आणि तेव्हा त्याला तो ढीग दिसला.

फाटकाच्या कडेला बाटल्यांचा ढीग लागला होता. अर्ध्या भरलेल्या, पाऊण भरलेल्या, काहींची तर झाकणंही उघडलेली नाहीत. पोरं रांगेतून येत होती आणि चालता चालता बाटल्या भिरकावत होती. वरच्या फुटून खालच्यांवर गळत होत्या आणि स्वच्छ, निवळशंख पाणी वाहत गटाराला लागलं होतं. बद्रीनाथच्या पायातली चप्पल ओली झाली. त्याला आपली चप्पल शेवटची कधी ओली झाली होती ते आठवेना. त्याचा जीव कळवळला. कय्युमला त्यानं सांगितलं, "तू रांगत उभा ऱ्हा. म्या आलोच."

त्यानं पहिला कॅन उतरवला आणि बाटल्या ओतायला सुरुवात केली. ढिगातल्या बाटल्यांवर त्याचं समाधान होईना, कारण नवी बाटली पडायची, ती फुटायची. म्हणून तो रांगेलाच आडवा गेला. "फेकू नका रं! हितं आना! एका ओळीत या!"

गंमत बघा, पोरं आली. आधी चेष्टेनं आली, मग खरंच ओळ लागली. "काका, कशासाठी?" एका पोरीनं विचारलं. तिच्या नाकात बाळी होती, केस हिरवे होते.

"गावाकडं न्यायचंय. आमच्या हितं पानी न्हाई."

"कुठलं गाव?"

"बीडकडचं."

तिनं ओळीत मागं ओरडून सांगितलं. मग बाटल्या येतच राहिल्या. बद्रीनाथ पार रंगात आला. समोर ओळ, हातात कॅन, त्याला वाटलं आपण संस्थेतच उभे आहोत. सवयीनं तो प्रत्येक बाटली नाकापाशी नेऊन मगच ओतत होता. एका दाढीवाल्या पोराची बाटली हुंगून त्याचा चेहरा बदलला.

"ही घेत न्हाई."

"काका, पाणीच आहे!"

"म्हशीची शप्पत घे."

ओळीत हशा पिकला. पोरगं लाजून बाटली घेऊन मागं सरलं आणि झाडामागं जाऊन स्वतःच संपवून आलं. त्यानंतर बद्रीनाथनं आणखी बऱ्याच बाटल्या परत पाठवल्या. आयुष्यभर दुधात पाणी पकडलेल्या माणसाला पाण्यात दारू पकडायची वेळ आली, पण त्यानं हातचं राखलं नाही. तरी एखाददुसरी सुटलीच असणार, कारण पुढं अध्यक्षांच्या मारक्या म्हशीला त्यातलं पाणी पाजलं तेव्हा तिनं दिवसभर कुणावर शिंग उगारलं नाही.

तेवढ्यात आत गर्जना झाली. कार्यक्रम सुरू झाला. कय्युम रांगेतून धावत आला. "अबे चल बे! सुरू झालं!"

"हा एक कॅन भरू दे."

"मी जातो आत. जागा धरतो. येशील ना?"

"आलोच म्हन."

एक कॅन भरला, मग दुसरा. भिंतीपलीकडं एकामागून एक गाणी होत होती आणि बद्रीनाथ मान डोलवत ओतत होता. मधे त्यानं आकाशाकडं बघून देवालाही सांगून ठेवलं की शेवटचं गाणं जरा उशिरा लाव. ओळ संपत आली. चौथा कॅन गळ्यापर्यंत आला तेव्हा आतून ती सुरुवात ऐकू आली. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. त्याच्या हातातली बाटली थांबली. हिरव्या केसांची पोरगी ओळीच्या टोकाला होती. ती म्हणाली, "काका, जा. मी बघते कॅनकडं. माझं तिकीट नाहीच आहे, मी बाहेरूनच ऐकायला आलेय."

बद्रीनाथ धावला. टोपी हातात धरून, पायजमा सावरत धावला. मनगटाची पट्टी दाखवत फाटकातून घुसला, पायऱ्या चढला, गर्दीत कोपरं घालत पुढं सरकला. कुणीतरी त्याच्या पायावर पाय दिला, त्यानंही कुणाच्या तरी दिला. कय्युम मोबाईल उंच धरून शूटिंग काढत होता. त्याच्यापाशी तो पोचला आणि गाणारा गप्प झाला. गिटारवाले गप्प झाले.

स्टेजवर पांढऱ्या केसांचा एक म्हातारा ड्रमपुढं बसला होता. एवढं मैदान चिडीचूप. तो म्हातारा बद्रीनाथच्या आयुष्यातला सगळ्यात जुना ओळखीचा माणूस होता, आणि आज पहिल्यांदा दिसत होता. सुरुवात झाली. तीच, पाठ असलेली. पुढचं आता यायचं, जे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. बद्रीनाथ डोळे मिटणार तेवढ्यात त्या म्हाताऱ्यानं एका हातानं वाजवत दुसऱ्या हातानं पाण्याची बाटली उचलली आणि अख्खी ड्रमवर उलटी केली. मागून दोघंजण बादल्या घेऊन आले. त्याही ओतल्या. प्रत्येक ठोक्याला पाणी दोन पुरुष उंच उडत होतं, लाल उजेडात चमकत होतं, पुढच्या पोरांवर पडत होतं. मैदान वेडं झालं.

बद्रीनाथला पुढचं आठवत नाही. त्याला बादल्या आठवतात. तिसरी आली, चौथी आली, ते आठवतं. पुढं घुसून ते थांबवावं असं वाटलं आणि कय्युमनं शर्ट धरला, तेही आठवतं. मग टाळ्या पडल्या, दिवे बदलले आणि गाणं संपलं होतं.

सकाळी गाडी गावात आली. पेंड नव्हती, पण चार कॅन पाणी होतं. पाणी पुण्याचं, तेही बाटलीतलं, म्हटल्यावर बायांनी जपून नेलं. सुंदररावांनी एक तांब्या पिऊन बघितला आणि पेंडीचा विषय काढला नाही.

घरी केशरबाईनं चहा दिला. त्याच्यापुढं बसली. "मग? कसं वाजवलं?"

बद्रीनाथ बोलायला गेला आणि त्याच्या ध्यानात आलं की त्याला काही सांगता येत नाही. आरंभ सांगता आला असता, तो तर घरातल्या मांजरालाही पाठ होता. मधलं काय होतं? इतकी वर्षं ज्याच्यासाठी काढली, त्याच्यापुढं तो उभा राहून आला होता आणि त्यानं फक्त बादल्या मोजल्या होत्या. दुष्काळानं गोठा रिकामा केला, तेव्हा त्यानं सोसलं होतं. पण हा दुष्काळ आपल्या कानात शिरलाय हे त्याला पुण्याहून आल्यावर कळलं. त्याचे डोळे भरून आले. केशरबाई घाबरली.

"अवं, काय झालं? कुनी काय म्हनलं का?"

"कुनी न्हाई म्हनलं. ऐकलंच न्हाई म्या. बगत बसलो, ते पानी."

ती हसली नाही. हसेल असं त्याला वाटलं होतं.

दोन दिवसांनी कय्युम स्वतः मोटारसायकलवर गावाला आला. फाटकातूनच ओरडला, "बद्री! अबे, मी सगळं टिपलंय की मोबाईलवर! तुझं ते गानं! पुरं!"

बद्रीनाथ ताटावरून उठला. हात न धुताच मोबाईल घेतला. केशरबाई बाजूला टेकली. कय्युमनं बटण दाबलं. गिटार थांबल्या. आरंभ झाला, ओळखीचा, खणखणीत. आता पुढचं. बद्रीनाथनं मोबाईल कानाला लावला आणि डोळे मिटले.

पुढचा भाग लागला आणि मोबाईलमधून कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडायला लागलं. "आरं पानी! पानी सांडायलंय! बंद करा रं! आरं कुनीतरी धरा त्येला! बादली धरा!" ड्रमचा एक ठोकाही धड कळेना. तो माणूस श्वास घ्यायला थांबायचा, तेवढ्यापुरतं काहीतरी धडधडायचं, की पुन्हा हा सुरू. शेवटच्या टाळीपर्यंत तो गप्प बसला नाही.

कय्युमनं कपाळाला हात लावला. घरी नेऊन त्यानंही अजून ते लावलं नव्हतं.

केशरबाईनं मोबाईलकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "आन् ह्यो कोन वरडायलाय?"

बद्रीनाथनं मोबाईल कानावरून काढला नाही. "हाय कुनीतरी," तो म्हणाला, "आपल्याकडचाच."